धनको कोण, ऋणको कोण?

वडूजला मराठी शिकवताना एक शंका आम्हांला वारंवार भेटते. भाषाविज्ञानाच्या तासाला परिभाषेचा विषय निघाला, की शाळेत मराठीतून विज्ञान शिकलेला एखादा विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणाऱ्या अणूला विद्युतऋण का म्हणायचे? ज्याच्याकडे जमा होते तो धनको ना?’’ शंका रसायनशास्त्राची वाटते. वस्तुतः ती शब्दार्थाची आहे आणि म्हणूनच आम्हांला ती टाळता येत नाही.

धन आणि ऋण हे शब्द गणितात फार जुने. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन व ऋण राशींचे नियम सांगितले. विजेला मात्र ही चिन्हे अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँक्लिनने लावली. त्याच्या मते विद्युत्‌द्रव्य जेथे जास्त ते धन, जेथे कमी ते ऋण. कोणती बाजू जास्तीची, हा निव्वळ अंदाज होता. १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हा वाहणारा कण नेमका ऋण बाजूचा निघाला. तेव्हापासून जो मिळवतो तो ऋण आणि जो गमावतो तो धन, असा उलटा जमाखर्च चालू आहे. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातील मुलाला ऋण या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. तो गोंधळला तर दोष त्याचा नव्हे.

‘सहसंयुज’ या शब्दाची अडचण निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांची विद्युतधन आणि विद्युतऋण अशी वर्गवारी केली. विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून ठेवतात, एवढेच त्याचे रसायनशास्त्र. मग हायड्रोजनचे दोन सारखे अणू एकत्र का राहतात, याला त्याच्याकडे उत्तर नव्हते. ते १९१६ साली गिल्बर्ट लुइसने दिले : दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी समाईक ठेवतात. १९१९ मध्ये लँगम्यूरने या नात्याला जे नाव दिले, त्यातील सहभागाचा उपसर्ग मराठीत ‘सह’ होऊन आला.

परंतु समाईक म्हणजे समान नव्हे, हे वाटणीचे खटले पाहिलेल्या गावकऱ्याला सांगावे लागत नाही. रसायनशास्त्रात ते १९३२ साली लायनस पाउलिंगने आकड्यांनी दाखवले. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडण्यास सुमारे १०४ किलोकॅलरी लागतात, क्लोरीनचे तोडण्यास ५८. सरासरी ८१. हायड्रोजन क्लोराइडचा बंध तोडायला मात्र १०३ लागतात. वरच्या २२ किलोकॅलरी कोठून आल्या? क्लोरीन समाईक जोडी स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याच्या टोकाला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या टोकाला किंचित धन प्रभार येतो. त्या आकर्षणाने बंध अधिक बळकट होतो. या फरकांवरूनच पाउलिंगने विद्युतऋणतेची मोजपट्टी बांधली. आजच्या कोष्टकात हायड्रोजन २.२०, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४ आणि सर्वांच्या वर फ्लुओरीन ३.९८.

म्हणजे लुइसच्या वाटणीत बर्झेलियसचे आकर्षण परत आले. दोन्ही मते अर्धी खरी होती. साहित्याच्या इतिहासात असा न्याय क्वचितच होतो, असो.

या असमान वाटणीचे घरोघरचे उदाहरण म्हणजे पाणी. त्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला असल्याने दोन्ही बंधांची ओढ एका बाजूला साठते आणि रेणूला दोन टोके येतात. पाण्यात मीठ विरघळते ते त्यामुळे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ. तेथे दोन ओढी एकमेकींना खोडतात.

मराठी परिभाषेचे काम करणारे आमच्या जवळचेच. बाळाजी प्रभाकर मोडक कोल्हापूरला बसून एकोणिसाव्या शतकात मराठीतून रसायनशास्त्र लिहीत होते. आमच्याच जिल्ह्यातील वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली विश्वकोश घडला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. ‘विद्युतऋणता’ बदलावी, असे आम्हांला पूर्वी वाटे. आता वाटत नाही; फ्रँक्लिनचा चुकलेला अंदाज साऱ्या जगाने ठेवला आहे, एकट्या मराठीने तो दुरुस्त करून मुलांची पुढची वाट अवघड का करावी? त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगतो, की येथे ऋण हे कर्ज नव्हे, इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचे चिन्ह आहे. मग तो ‘ध्रुवीय सहसंयुज बंध’ असे वहीत लिहितो आणि ‘ध्रुवीय’खाली रेघ ओढतो.