प्राथमिक डोकेदुखी: प्रकार, औषधे आणि गोळ्यांची मर्यादा

डोके दुखले की आपल्याकडे कारणे ठरलेली असतात: पित्त वाढले, ऊन लागले, चष्म्याचा नंबर बदलला, सायनस झाला. उपायही ठरलेला: बाम चोळायचा आणि मेडिकलमधून गोळी आणायची. पण डोकेदुखीचे प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. शिवाय गोळी महिन्यातून किती दिवस घेतली जाते, यालाही महत्त्व आहे.

प्राथमिक डोकेदुखी म्हणजे काय?

ताप, डोक्याला मार, मेंदूतील रक्तस्राव किंवा गाठ अशा दुसऱ्या कारणाने डोके दुखत असेल, तर ती दुय्यम डोकेदुखी. असे कारण नसताना वेदना जाणवून देणारी यंत्रणाच वारंवार चाळवली जाते, ती प्राथमिक डोकेदुखी. यात एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नाही. निदान मुख्यतः तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून होते.

1. तणावजन्य डोकेदुखी

हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. डोक्याभोवती घट्ट पट्टा बांधल्यासारखे, दोन्ही बाजूंना, सौम्य ते मध्यम दुखते. त्रास 30 मिनिटांपासून 7 दिवसांपर्यंत राहू शकतो. चालल्याने किंवा जिना चढल्याने दुखणे वाढत नाही, उलटी होत नाही.

औषधे: पॅरासिटामॉल 500 ते 1000 मिग्रॅ किंवा आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ (प्रौढांसाठी). महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस दुखत असेल, तर डॉक्टर रात्री कमी डोसमध्ये अ‍ॅमिट्रिप्टिलीन देतात. हे औषध नैराश्यातही वापरले जाते, पण इथे ते डोकेदुखी टाळण्यासाठी असते.

2. मायग्रेन (अर्धशिशी)

बहुतेकदा डोक्याची एक बाजू ठणकते. हालचालीने दुखणे वाढते, मळमळ किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसे होतात. उपचार न केल्यास झटका 4 ते 72 तास राहतो. काहींना आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. त्याला ‘ऑरा’ म्हणतात.

आपल्याकडे ‘पित्ताची डोकेदुखी’ म्हणून ओळखली जाणारी तक्रार पुष्कळदा मायग्रेनच असते. उपास, जागरण, ऊन किंवा पाळीच्या आसपास डोके दुखते आणि उलटी झाल्यावर बरे वाटते. म्हणून दोष पित्ताला दिला जातो आणि वर्षानुवर्षे फक्त अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या जातात. प्रत्यक्षात उलटी हा मायग्रेनच्या झटक्याचाच भाग असतो.

झटका आल्यावरची औषधे:
- नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल. दुखणे सुरू होताच घ्यावे, उशिरा घेतल्यास परिणाम कमी होतो.
- मळमळीसाठी डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड.
- एवढ्याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान यांसारखी ट्रिप्टान औषधे. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी ती घेऊ नयेत. अर्गोटामाइन असलेली गोळी आणि ट्रिप्टान 24 तासांच्या आत एकत्र घेऊ नयेत.

महिन्यातून 4 किंवा अधिक दिवस त्रास होत असेल, तर झटके कमी करणारी रोजची औषधे लागू शकतात: प्रोप्रानोलॉल (दमा असल्यास नाही), अ‍ॅमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन (झोप येते, वजन वाढू शकते), टोपिरामेट (गर्भारपणात टाळावे). गुण यायला साधारण 2 महिने लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून औषध सोडू नका.

ऑरासह मायग्रेन असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

3. क्लस्टर डोकेदुखी

हा प्रकार कमी आढळतो, पण अतिशय तीव्र असतो. एकाच डोळ्याभोवती असह्य वेदना, त्याच डोळ्यातून पाणी, डोळा लाल, नाक चोंदलेले. झटका 15 मिनिटे ते 3 तास राहतो आणि काही आठवडे रोज, पुष्कळदा ठरावीक वेळी येतो. मायग्रेनचा रुग्ण अंधारात पडून राहतो, तर हा रुग्ण अस्वस्थपणे येरझारा घालतो.

साध्या वेदनाशामकांचा इथे उपयोग होत नाही. मास्कने दिलेला शुद्ध ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन यांनी झटका थांबतो. पुढचे झटके टाळण्यासाठी ईसीजी पाहून व्हेरापामिल दिले जाते.

गोळ्यांमुळे वाढणारी डोकेदुखी

मायग्रेन किंवा तणावजन्य डोकेदुखी असलेल्यांनी झटक्याची औषधे 3 महिन्यांहून अधिक काळ वारंवार घेतली, तर डोके जवळजवळ रोज दुखू लागते. मर्यादा अशा:
- नुसते पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे: महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस
- ट्रिप्टान, अर्गोटामाइन, ट्रामाडॉल किंवा कॅफीन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या: महिन्यातून 10 किंवा अधिक दिवस

‘गोळी घेतली नाही तर डोके दुखते’ असे वाटते आणि गोळ्या वाढत जातात. उपाय म्हणजे ती गोळी थांबवणे. सुरुवातीचे काही दिवस दुखणे वाढते, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. सर्वसाधारणपणे आठवड्यातून 2 दिवसांपेक्षा जास्त वेदनाशामक घेऊ नये. घरच्या कॅलेंडरवर डोके दुखलेल्या दिवशी गोल करा, गोळी घेतलेल्या दिवशी फुली मारा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा.

मूत्रपिंडाचा आजार, जठरातील व्रण किंवा गर्भारपण असल्यास आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन स्वतःहून घेऊ नका. डोकेदुखीसोबत ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंतही ती टाळा.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

- क्षणार्धात सुरू झालेली, आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी
- ताप आणि मान आखडणे
- हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, फिट येणे, शुद्ध हरपणे
- अचानक नजर जाणे
- डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे
- गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी

वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा खोकल्यावर, आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी असेल, तर मेडिकलमधून गोळी आणण्याऐवजी लवकर डॉक्टरांकडून तपासून घ्या.