लंडन पायी पाहताना : १० किंग हेन्रीज रोड आणि जवळची दोन घरे

लंडनला गेलेले आपले बांधव बहुधा गाडीने १० किंग हेन्रीज रोडवर उतरतात, दारासमोर फोटो काढतात आणि निघतात. आमचे सांगणे आहे, पायी जा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा.

नॉर्दर्न लाइनच्या चॉक फार्म स्थानकावर उतरावे. रेल्वेवरचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात प्रिमरोज हिल भागातले हे घर येते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले होते. १९२० मध्ये ते पुरे करण्यासाठी ते पुन्हा आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टरी, दोन्ही याच मुक्कामातली कामे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घर विकत घेतले. १४ नोव्हेंबरला पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण निवासी घराचे संग्रहालय करण्यास कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. काही रहिवाशांची गर्दी-गोंगाटाची तक्रारही होती. अपिलावर २०१९ मध्ये चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मंजुरी दिली. स्मारक इतक्या कष्टाने टिकले आहे. म्हणून जयंतीचा उत्साह या गल्लीत जरा आवरता घ्यावा, घोषणा हळू द्याव्यात. शेजारी आजही लोक राहतात.

तिथून स्विस कॉटेजमार्गे २० मेरसफिल्ड गार्डन्सला चालत जाता येते. नाझींमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले सिग्मंड फ्रॉइड १९३८ मध्ये लंडनला आले आणि १९३९ मध्ये याच घरात वारले. मुलगी ॲना १९८२ पर्यंत इथेच राहिली, १९८६ मध्ये संग्रहालय झाले. अभ्यासिका आणि रुग्णांचा तो प्रसिद्ध कोच जपलेला आहे. फरक लगेच जाणवतो : फ्रॉइडचे सामान त्यांच्याबरोबर आले आणि घरच्यांनी सांभाळले. बाबासाहेब मात्र भाड्याने राहणारे विद्यार्थी होते. त्यांच्या खोल्या आपल्याला नंतर मांडाव्या लागल्या.

पायांत बळ असेल तर हॅम्पस्टेडला कवी कीट्सचे घर आहे (मुक्काम १८१८ ते १८२०), पण वाटेत चढ लागतो. तिन्ही ठिकाणांचे उघडण्याचे दिवस आधी पाहून निघावे. सोबत मुले असतील तर बाबासाहेबांचे घर सकाळीच करावे. दुपारपर्यंत ती चालून कंटाळतात.