आषाढातली वाट: पन्हाळा ते पावनखिंड

सह्याद्रीत लांबचं चालायचं तर हिवाळ्यात, हे कुठलाही जुना भटक्या सांगेल. तरीही दर जुलैत कोल्हापूर, सांगली, पुण्या-मुंबईकडून पोरापोरींची टोळकी पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ जमतात आणि भर पावसात पावनखिंडीची वाट धरतात. सुमारे पन्नास किलोमीटरची ही चाल बहुतेक जण दोन दिवसांत उरकतात. वाटेत धुकं, जळवा आणि चिखल यांना तोटा नसतो. बूट पहिल्या तासात भिजतात ते घरी येईपर्यंत वाळत नाहीत. पण ही मोहीम डिसेंबरात न्यावी असं कुणी सुचवत नाही, कारण ती जन्मालाच पावसात आली आहे.

त्या जन्माची तारीख आपल्याला ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान पडला आणि त्याच महिन्याअखेर शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. विजापूर दरबाराने सिद्दी जौहरला पाठवलं. मार्च १६६० मध्ये गडाला वेढा पडला. महाराज आत होते, आणि सगळी मदार पावसाळ्यावर होती. पाऊस लागला की वेढे उठतात, छावण्या मागे सरतात, हा त्या काळचा नेम. जौहरने तो मोडला. पावसातही टिकेल अशी छावणी उभारून तो बसून राहिला. राजापूरच्या वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. तिकडे मोगलांचा शाहिस्तेखान पुण्यात शिरला होता. ज्या पावसाने वेढा उठायचा, त्याच पावसाचा आडोसा घेऊन वेढ्यातून निसटायचं, असं तेव्हा ठरलं. मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी विचार हाच वाटतो.

शरणागतीची बोलणी लावून पहारा सैलावला. आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज पालखीतून राजदिंडीच्या वाटेने उतरले. दुसऱ्या पालखीत त्यांच्या वेशातला शिवा काशीद होता. तो पकडला गेला आणि मारला गेला. फसवणूक कळताच सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. गजापूरजवळच्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे थांबले, महाराज पुढे विशाळगडाकडे गेले. तिथेही पायथ्याशी सुर्व्यांचा आणि दळव्यांचा वेढा होता, तो फोडूनच गड गाठावा लागला. खिंडीत तीनशे माणसं होती, गडावरून तोफांचे बार होईपर्यंत बाजी लढत राहिले, हे परंपरा सांगते. खिंड लढवली गेली आणि बाजी तिथे पडले, यात मात्र शंका नाही.

पौर्णिमेचा भाग पुस्तकात वाचून नीट उमगत नाही. पळून जायला अमावस्या बरी, असं घरात बसून वाटतं. पण पालखी घेऊन अनोळखी उतारावर अमावस्येला चालता येत नाही. या वाटेवरच्या मसाई पठारावर पौर्णिमेच्या पावसाळी रात्री आम्ही टॉर्च विझवून उभे राहिलो होतो. चंद्राचा पत्ता नव्हता, पण ढगांतून राखाडी उजेड झिरपत होता. चार हातांवरचा मित्र ओळखू येत नव्हता. पायवाटेत साचलेलं पाणी मात्र अंधुक चकाकत होतं आणि त्या चकाकीवरून वाट कळत होती. लांबून माणूस दिसू नये आणि पायाखालची वाट दिसावी, एवढाच तो उजेड. पावसाच्या आवाजात शेजारच्याची हाकसुद्धा विरत होती. त्या पठारावर उभं राहिल्यावर मला भोई आठवले. बाजी, त्यांचे भाऊ फुलाजी, शिवा काशीद ही नावं आपण घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण निसरड्या जांभ्यावरून, गुडघाभर चिखलातून खांद्यावर दांडी घेऊन जे रात्रभर पळाले, त्यांची नावं कुणाच्या ओठांवर नाहीत. पाठीवर साधी सॅक असताना तो उतार उतरताना जी दमछाक होते, ती प्रत्येक चालणाऱ्याने त्यांच्या नावे मोजावी.

घटना १६६० ची. ती चालून अनुभवायची रीत मात्र अगदी अलीकडची. मधली जवळजवळ तीनशे वर्षं ही वाट कागदावर आणि गळ्यात जगली. जेधे शकावलीत या प्रसंगाची अगदी त्रोटक नोंद आहे. ती शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली १९१६ साली. त्याआधीच सावरकरांचा बाजी देशपांड्यांवरचा पोवाडा तरुणांच्या तोंडी होता आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदीही घातली होती. बडोद्यात तेरा वर्षं काढलेल्या अरविंद घोषांनी बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली आणि आपल्या ‘कर्मयोगिन्’ साप्ताहिकात छापली. पुढे बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ने तो प्रसंग घरोघरी नेला. त्याच काळात गो. नी. दांडेकरांसारखी माणसं तरुणांना गडकोटांवर पायी हिंडवत होती. गड पाहायचा तर चालून, रात्र त्याच्या अंगाखांद्यावर काढून, ही सवय त्या पिढीने लावली. गिर्यारोहण संस्था निघाल्या, कोल्हापूरच्या मंडळांनी ही वाट आपली मानली, आणि ऐकलेली गोष्ट पायांत उतरली.

चालण्याची ही रीत लवकर रुजलीही, कारण आषाढात पायी चालणं मराठी माणसाला नवं नव्हतं. पौर्णिमेच्या चारच दिवस आधी एकादशी असते. ज्या महिन्यात वारकरी भिजत पंढरी गाठतात, त्याच महिन्यात ही वाट चालायची असते. परदेशी ट्रेकिंगच्या पुस्तकातून तंबू आणि दोर आले असतील, पण पावसाला न जुमानता अनेकांनी मिळून चालावं, ही कल्पना इथलीच आहे.

तारखेचा एक घोळ इथे सांगायला हवा. बहुतेक मोहिमा १२ आणि १३ जुलैला निघतात. ती तारीख त्या वेळच्या इंग्रजांच्या जुन्या पंचांगातली आहे. ते पंचांग आजच्यापेक्षा दहा दिवस मागे चालत होतं. आजच्या हिशेबाने ती रात्र २२ जुलैची येते. म्हणून काही मंडळी तारखेऐवजी तिथी धरतात. माझं मत तिथीच्या बाजूने आहे. १२ जुलैला आकाशात चंद्र असेलच असं नाही. आषाढी पौर्णिमेला तो ढगांआड का होईना, असतोच, आणि त्याच्यावाचून ती रात्र समजत नाही.

वाट स्वतः सोपी नाही, पण अवघडही नाही. कस लावते ती लांबी आणि हवा. मसाई पठारावर धुकं उतरलं की झाड नाही, घर नाही, खूण नाही. तिथे पुढचा आणि मागचा माणूस नजरेआड होऊ न देणं हाच नियम. पठार उतरलं की खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागतात. मधे ओढे. गुडघ्यापर्यंतचं पाणी वरच्या अंगाला पाऊस झाला की बघता बघता कमरेला येतं. मग हातात हात गुंफून तिरकं जायचं, दणकट गडी वरच्या बाजूला. पाणी गढूळ होऊन त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर पाऊल टाकायचंच नाही, थांबायचं. जळवांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी. रात्री कुणाच्या तरी सोप्यात किंवा शाळेच्या खोलीत अंग टाकायचं, चुलीवरची भाकरी आणि झुणका खायचा आणि सकाळी तेच ओले मोजे पुन्हा चढवायचे. सोबती कसा आहे ते त्या सकाळी कळतं. पुढे म्हसवडे, पांढरेपाणी, आणि मग ती खिंड, जिथून कासारी नदीचं पाणी खाली धावत असतं.

या दिवसांत वाड्यांमध्ये रोपलावण चालू असते. इरलं पांघरलेल्या बायका वाकून रोपं लावत असतात आणि शेजारच्या बांधावरून शेकडो पाय जातात. ओल्या बांधावर एवढी वर्दळ झाली की तो खचतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि त्या घराचं दिवसाचं काम वाया जातं. गर्दी वाढल्यापासून प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुड्यांचं वेष्टन ओढ्यांतून दिसू लागलं आहे. वाटेचा बराच भाग डांबराखाली गेला, तो गावांची सोय म्हणून गेला. त्याबद्दल शहरातून दोन दिवस आलेल्यांनी कुरकुर करू नये. पण बांध आणि ओढा सांभाळणं आपल्या हातात आहे. मोठ्या जथ्याने जाण्यापेक्षा दहा-बारा जणांनी जावं, बांधाऐवजी गाडीवाट धरावी, मुक्कामाच्या घरी योग्य ते पैसे द्यावेत.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाही, आणि या दोघांमधली ही पायवाट तर नाहीच. तिला राखणारे फक्त दोनच: वाटेवरचे वाडीकर आणि दर आषाढात तिच्यावरून चालणारे. या वर्षी जाणार असाल, तर चालणाऱ्यांचा वाटा नीट उचला.