एन्क्रुमांचा चषक

डिसेंबर १९७७ मध्ये गिनीची राजधानी कोनाक्री येथे हाफिया फुटबॉल क्लबाने घानाच्या हार्ट्स ऑफ ओक संघाला ३-२ असे हरवले. त्याआधीचा सामना हाफियाने अक्रात, प्रतिस्पर्ध्याच्या घरी, १-० असा जिंकला होता. आफ्रिकेतील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचे हे त्यांचे तिसरे अजिंक्यपद. तीनदा जिंकणारा तो पहिलाच संघ, म्हणून चषक कायमचा त्यांच्याकडे राहिला. त्या चषकाला नाव होते क्वामे एन्क्रुमा यांचे.

क्रीडावृत्ताला एवढे पुरते. आम्हांला मात्र या नोंदीपाशी थांबावेसे वाटते. चषक ज्यांच्या नावाचा ते एन्क्रुमा घानाचे, हरलेला संघ त्यांच्याच राजधानीचा, आणि चषक विसावला तो अशा शहरात, ज्याने राज्य गमावलेल्या एन्क्रुमांना आसरा दिला होता.

यासाठी थोडे मागे जायला हवे. १९५८ मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी आफ्रिकेतील वसाहतींपुढे पर्याय ठेवला : फ्रेंच समुदायात राहा, नाहीतर तत्काळ स्वातंत्र्य घ्या आणि आमच्या मदतीची आशा सोडा. २८ सप्टेंबरच्या मतदानात ‘नाही’ म्हणणारी वसाहत एकच निघाली, ती गिनी. २ ऑक्टोबरला ती स्वतंत्र झाली. फ्रेंच अधिकारी चंबूगबाळे आवरून निघाले आणि जाताना नेता येईल ते घेऊन गेले. त्या वेळी वर्षापूर्वीच स्वतंत्र झालेल्या घानाने एक कोटी पौंडांचे कर्ज देऊ केले. गिनीचे सेकू तूरे आणि घानाचे एन्क्रुमा यांचे सख्य तेव्हापासूनचे.

आफ्रिका एक झाली पाहिजे हा एन्क्रुमांचा ध्यास होता आणि फुटबॉल हे त्यांच्या लेखी त्याचे एक साधन होते. घानातील क्लबांचे उत्तम खेळाडू निवडून त्यांनी ‘रिअल रिपब्लिकन्स’ हा संघ उभा केला. १९६४ मध्ये विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिला चषक दिला. पहिला अंतिम सामना १९६५ मध्ये अक्रात झाला आणि कॅमेरूनच्या ओरिक्स दुआला संघाने तो जिंकला. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, एन्क्रुमा आशियाच्या दौऱ्यावर असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथली. अक्रात त्यांचा पुतळा पाडला गेला. तूरे यांनी त्यांना कोनाक्रीत बोलावून घेतले, इतकेच नव्हे तर सहअध्यक्षपदाचा मान दिला. एप्रिल १९७२ मध्ये बुखारेस्टच्या रुग्णालयात एन्क्रुमा वारले. पार्थिव आधी कोनाक्रीत आणले गेले आणि मग मायदेशी गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युगांडाच्या सिम्बा संघाला दोन्ही सामन्यांत हरवून हाफियाने त्यांच्या नावाचा चषक पहिल्यांदा उचलला. हाफियाचा शेरीफ सुलेमान त्या वर्षीचा आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

हाफिया हे कोनाक्रीतील एका वस्तीचे नाव. १९६०च्या दशकात हाच संघ ‘कोनाक्री दोन’ या नावाने खेळत असे. तूरे यांच्या राजवटीने वाद्यवृंदांना जसे पोसले, तसेच फुटबॉललाही. चांगल्या खेळाडूंना युरोपात जाऊ दिले जात नसे. त्यामुळे पेती सोरी, पापा कामारा, न्जो लेआ यांच्यासारखे गुणी खेळाडू कोनाक्रीतच राहिले आणि राष्ट्रीय संघाचा कणा बनले. त्या संघाचे नाव ‘सिली’. सुसू भाषेत सिली म्हणजे हत्ती. सत्ताधारी पक्षाचे चिन्ह हत्ती आणि देशाच्या चलनाचे नावही सिलीच! मैदान, पक्ष आणि खिसा तिन्हींवर एकच मुद्रा.

आता या वैभवाची दुसरी बाजू. १९७५ मध्ये नायजेरियाच्या एनुगु रेंजर्सना हरवून हाफियाने दुसरे अजिंक्यपद मिळवले. त्याच कोनाक्रीत बोइरो छावणी हा तुरुंग होता. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली यांना जुलै १९७६ मध्ये अटक करून तेथे नेण्यात आले. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत हाफियाने घरचा सामना ३-० असा जिंकला, अल्जीयर्समध्ये ०-३ असा गमावला आणि शेवटी पेनल्टींवर चषक हातचा गेला. १९७७च्या आरंभी तेली त्या छावणीत अन्नपाण्यावाचून मेले. ऑगस्टमध्ये बाजारातल्या बायका सरकारच्या आर्थिक पोलिसांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी तूरे यांना खाजगी व्यापारावरचे निर्बंध सैल करायला लावले. त्यानंतर चार महिन्यांनी तिसरे अजिंक्यपद आले.

हा विजय कोणाचा? राजवटीने तो आपला म्हटला आणि तिच्या आधारावाचून तो शक्यही नव्हता, हे मान्य करावे लागेल. पण जो जमाव ऑगस्टमध्ये भाव आणि धान्य यांसाठी झगडला, त्यातलेच लोक डिसेंबरात सामन्यालाही आले असणार. त्यांचा जल्लोष राजाज्ञेचा होता असे म्हणणे म्हणजे त्यांच्याजवळचे उरलेसुरलेही हिरावून घेणे होय. तुरुंग लपवण्यासाठी विजय वापरला जातो हे खरे. विजयाचा आनंद त्यामुळे खोटा ठरत नाही आणि तुरुंगही पुसला जात नाही. दोन्ही नोंदी एकाच पानावर वाचाव्या लागतात.

पुढचे थोडक्यात. १९७८ मध्ये हाफिया कॅमेरूनच्या कॅनन याउंदेकडून अंतिम फेरीत हरला. पुन्हा त्या फेरीत तो पोहोचला नाही. मार्च १९८४ मध्ये तूरे वारले, आठवडाभरात लष्कराने सत्ता घेतली आणि ज्या छत्राखाली हा क्लब वाढला ते गेले. एन्क्रुमांच्या चषकाच्या जागी आलेल्या नव्या चषकाला तूरे यांचे नाव होते. तो १९९३ मध्ये कैरोचा झमालेक कायमचा घेऊन गेला.

कोनाक्रीच्या मोठ्या स्टेडियमचे नाव ‘२८ सप्टेंबर’. स्वातंत्र्याच्या त्या मतदानाची ही आठवण. २००९ मध्ये त्याच तारखेला, त्याच स्टेडियममध्ये, लष्करी राजवटीच्या विरोधात जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार किमान १५६ जण मारले गेले वा बेपत्ता झाले. जिथे जल्लोष झाला तिथेच हेही झाले. खटला २०२२ मध्ये उभा राहिला तो दिवसही २८ सप्टेंबरच. नाव देणारे सत्ताधारी असतात. त्या नावात पुढे काय साठत जाईल, हे मात्र त्यांच्या हाती राहत नाही.