विवरणपत्रातला शेतीचा रकाना

जुलै महिन्यात आपल्या वेंगुर्ल्यात दोन कामांची घाई असते. एक लावणीची आणि दुसरी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची. आपण त्याला सरळ 'रिटर्न भरणं' म्हणतो. पेन्शन लिहून होते, ठेवींचं व्याज लिहून होतं, आणि मग सल्लागार विचारतात, "शेतीचं उत्पन्न किती घालू?" आपलं उत्तर ठरलेलं असतं : "शेतीक टॅक्स खंय आसता? शून्य घाला." हापूसचे पैसे हातात आलेले असतात, काजूची बी विकलेली असते, तरी शून्य. निवृत्तीनंतर काही वर्षं मीही हेच सांगत आलो. हे शून्य आलं कुठून, ते आज बघू.

1857 च्या उठावानंतर सरकारवर कर्जाचा मोठा बोजा होता. त्यातून वाट काढायला विलायतेहून जेम्स विल्सन आले. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारे ते हेच. त्यांनी आणलेला प्राप्तिकराचा कायदा 24 जुलै 1860 ला झाला. वर्षाला 200 ते 500 रुपये उत्पन्न असेल तर शेकडा 2, त्याच्यावर असेल तर शेकडा 4. आणि लक्षात घ्या, या पहिल्या कायद्यात शेतीचं उत्पन्नही धरलेलं होतं. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी या कराला उघड विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावलं गेलं. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याला वारले. कर मात्र राहिला.

आता आपल्या गावाकडे येऊ. वेंगुर्लं 1812 मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेलं होतं. म्हणजे 1860 चा कायदा इथे लागू, पण सावंतवाडीच्या वाटेला लागून संस्थानची हद्द ओलांडली की तो कायदा नाही. दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीपलीकडे तर पोर्तुगीजांचं राज्य. गोव्यात आपला प्राप्तिकर पोचला तो मुक्तीनंतर, 1963 साली. आणि तिथला पोर्तुगीज दिवाणी कायदा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानतो, म्हणून तिथल्या अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतात. आयटीआर-2 या नमुन्यात त्यासाठी आजही वेगळं परिशिष्ट आहे. सांगायचं इतकंच, की विवरणपत्रातला एकेक रकाना हा इतिहासाने मागे ठेवलेला असतो.

1860 साली नवीन काय घडलं? कर तर पूर्वीही होतेच. पण जमीनमहसुलाची रीत वेगळी. सरकारी माणूस येणार, जमीन मोजणार, प्रत ठरवणार, आकार बसवणार. तुम्हाला काही विचारायची गरजच नाही. जमीन डोळ्यांना दिसते. उत्पन्न दिसत नाही. व्यापाऱ्याच्या चोपडीत काय आहे ते व्यापाऱ्यालाच ठाऊक. म्हणून सरकारला पहिल्यांदा माणसाला विचारावं लागलं, की बाबा, तुझं तूच सांग. हे सांगणं लोकांना जड गेलं आणि तपासणं सरकारला जड गेलं. पुढच्याच वर्षी नवीन विवरणपत्रं मागण्याऐवजी आदल्या वर्षाचीच आकारणी पुढे चालवायची सोय करावी लागली. 1865 मध्ये कर बंद झाला. 1869 मध्ये परत आला, 1873 मध्ये परत गेला.

कायमचा बसला तो 1886 च्या कायद्याने. 500 रुपयांच्या आत माफी, आणि शेतीचं उत्पन्न पूर्ण वगळलेलं. कारण काय? तर जमीन महसूल भरतेच आहे, तिच्यावर दुसरा कर कशाला? आपलं शून्य जन्माला आलं ते इथे. पण या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी तीच दाखवली. प्राप्तिकर द्यायचा तो उत्पन्न असेल तर, आणि तेव्हा 2,000 रुपयांपर्यंत माफीसुद्धा होती. जमीनमहसूल मात्र गरिबातल्या गरीब शेतकऱ्यालाही चुकत नव्हता, पीक येवो न येवो. म्हणजे सवलतीचा लाभ बड्या जमीनदाराला आणि भार लहान कुळाला.

स्वातंत्र्यानंतर महसुलाचा भार नगण्य झाला, माफी तशीच राहिली. शेती-उत्पन्नावर कर बसवायचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही. मग के. एन. राज समितीच्या शिफारशीवरून 1973 मध्ये मधला मार्ग निघाला. शेतीवर कर नाही, पण इतर उत्पन्नाचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजायचं.

उदाहरण घेऊ. माणूस साठीच्या पुढचा, ऐंशीच्या आतला, जुन्या करप्रणालीत. वजावटी जाऊन पेन्शन 6,00,000. कर झाला 30,000, उपकर सोडून. आता बागेचे निव्वळ 1,00,000 दाखवले. 7,00,000 वर कर 50,000. त्यातून 1,00,000 अधिक माफीचे 3,00,000, अशा 4,00,000 वरचा कर, म्हणजे 5,000 वजा. राहिले 45,000. त्या निरुपद्रवी शून्याची किंमत 15,000 रुपये!

शेतीचं उत्पन्न कोणतं, हेही बघायला हवं. आपल्या बागेतली काजू-बी वाळवून विकली तर ती शेती. तीच बी कारखान्यात फोडून गर विकला, तर बीच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीची आणि त्यापुढचा नफा धंद्याचा. आणि शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर 'सहज' हा सोपा नमुना चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो.

आज संगणकावर विवरणपत्र उघडलं की पेन्शन, व्याज, लाभांश सगळं आधीच भरलेलं दिसतं. सरकारला ते बँकांनी, कंपन्यांनी कळवलेलं असतं. कलमांच्या बागेचं मात्र कोणी कळवत नाही. तिथे अजून 1860 सारखंच, तुझं तूच सांग. आणि शेवटी आपण सत्यापन करतो, की वरची माहिती खरी आणि पूर्ण आहे. जन्मभर मी मुलांना सत्य म्हणजे काय ते शिकवलं, आणि त्या ओळीखाली वर्षानुवर्षं न वाचता मान्यता देत गेलो. लक्षात आल्यावर मागल्या दोन वर्षांची अद्ययावत विवरणपत्रं भरली, वरच्या जादा करासकट.

बागायतदार म्हणतील, फवारणी, राखण, पेट्या, मजुरी जाऊन उरतं काय? रास्त आहे. पण खर्च वजा करायची मुभा आहे. मोहोर करपला त्या वर्षाचा तोटासुद्धा, आधीच्या आठ वर्षांपर्यंतचा, तिथे मांडता येतो. त्यासाठी वही मात्र हवी. माझ्या वडिलांची होती, मी ठेवली नव्हती. यंदाच्या हंगामापासून परत सुरू केली आहे. इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.