काजळाची शेपटी

आमच्या कडगंचीत डोळ्यांना लावायच्या काळ्या वस्तूला तीन नावे होती. मराठी बोलणाऱ्या घरांत ती काजळ, कानडी घरांत काडिगे आणि दखनी बोलणाऱ्या घरांत सुरमा. कलबुर्गी–आळंद रस्त्यावरच्या या गावात मुलांना तिन्ही भाषा खेळता खेळताच येत असल्यामुळे ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. ते तसे नव्हे, हे कळायला आम्हांला महसूल खात्यातली सारी नोकरी संपवून निवृत्त व्हावे लागले; आणि कळले तेही नातीमुळे.

रसायनशास्त्र शिकणारी ही नात गेल्या दिवाळीत घरी आली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती आरशापुढे बसून डोळे रंगवू लागली. तिच्यापाशी बाटलीतले ओले लायनर नव्हते. एका चपट्या डबीत काळसर तपकिरी रंगाची कोरडी पूड होती. तिला आयशॅडो म्हणतात. सोबत तिरप्या कापलेल्या केसांचा लहानसा ब्रश. ओल्या लायनरने हात जरा हलला की रेघ फसते आणि पुसायला जावे तर गाल काळा होतो, म्हणून नवशिकीने पुडीचाच मार्ग धरावा, असे तिचे म्हणणे. तिने ब्रशाचे टोक पुडीत टेकवले, जास्तीची पूड झटकली आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून भुवईच्या टोकाच्या रोखाने एक आखूड तिरपी रेघ ओढली. त्या रेघेच्या टोकापासून पापणीच्या केसांच्या मुळाशी परत येऊन मधली जागा थोपटत भरली. वरची कड कोरड्या ब्रशाने विरवली, खालची कापसाने साफ केली. एकदाच गडद करायचे नाही, फिकेच दोनतीनदा द्यायचे. पाखराने पंख अर्धवट उघडावा तसा तो डोळा दिसू लागला. इंग्रजीतही त्याला पंखच म्हणतात, हे तिने सांगितले.

आम्ही म्हणालो, "आमच्या घरी याला शेपटी म्हणत." तिला हसू आले. आम्हांला मात्र आमची थोरली आत्या आठवली.

आत्या बालविधवा. तिचे सारे आयुष्य आमच्याच घरात गेले. घरचे काजळ ती करी, आणि आमच्याच कशाला, गल्लीतल्या पाचसहा घरांचे काजळ तिच्याच हातचे असे. बांधावरच्या एरंडीचे घरी काढलेले तेल पणतीत घालायचे, माक्याच्या रसात भिजवून वाळवलेल्या कापडाची वात लावायची, दोन बाजूंना दोन विटा ठेवून वर तांब्याचे ताम्हन पालथे घालायचे. रात्रभर ज्योत मंद जळे. सकाळी ताम्हनाच्या पोटाला मखमलीसारखी काजळी धरलेली असे. ती मोराच्या पिसाने झाडून घेतल्यावर आत्या तिचे दोन वाटे करी. एका वाट्यात घरचे तूप आणि चिमूटभर कापूर खलून ते पितळी डबीत भरायचे. हे डोळ्यांत घालायचे काजळ. दुसरा वाटा तसाच कोरडा, वस्त्रगाळ करून कागदाच्या पुडीत. ही पूड शेपटीसाठी.

असे दोन वाटे का, हे आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. लग्ने वैशाखात, मांडवात धूर, माणसे आणि बेचाळीस अंशांचा उकाडा. तुपातले काजळ घटकाभरात पातळ होऊन नवरीच्या गालावर उतरते. कोरडी काजळी जागची हलत नाही. तुरीच्या वाळक्या काडीचे टोक चावून आत्या कुंचला करी, तो पुडीत टेकवून फुंकर मारी आणि नवरीला म्हणे, "डोळे मिटू नकोस ग, समोर बघ. मिटल्या डोळ्यावर काढलेली शेपटी उघडल्यावर वाकडी होते." नातीनेही डोळा उघडा ठेवूनच रोख धरला होता. तिला हे कुणी शिकवले, ते आम्ही विचारले नाही.

हे ज्ञान आमच्या आत्याच्या पदरचे होते असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अंजनाचे गुटिका, रसक्रिया आणि चूर्ण असे तीन प्रकार सांगितले आहेत. वडी, दाट लेप आणि पूड. त्यांत चूर्ण सर्वांत सौम्य मानले आहे. वैद्याचा हेतू अर्थातच रोग बरा करण्याचा होता, नटण्याचा नव्हे. नटण्याचा पुरावा पाहायचा तर अजिंठ्याला जावे. पाचव्या शतकात वाकाटकांच्या राजवटीत रंगवलेल्या त्या लेण्यांतल्या स्त्रियांचे डोळे कानांकडे धावतात, आणि बाहेरच्या कोपऱ्याशी रेघ निमुळती होत जाते. तिथल्या रंगांत निळा लाजवर्द दूरदेशाहून आणलेला, गेरू आणि पिवळी माती जवळपासची. काळा मात्र दिव्याच्या काजळीचा. म्हणजे भिंतीवरच्या स्त्रीचा डोळा ज्या वस्तूने रंगला त्याच वस्तूने घरातल्या स्त्रीचाही. ही गोष्ट कळल्यावर आम्ही अजिंठा पुन्हा एकदा पाहून आलो. पहिल्या खेपेस सरकारी दौऱ्यात तो घाईने उरकला होता.

काजळीचा तिसरा उपयोग लेखणीचा. काजळी आणि बाभळीचा डिंक पाण्यात तासन्‌तास घोटून जुन्या पोथ्यांची शाई होई. आमच्या गावाला या शाईचे विशेष अगत्य असायला हवे, कारण 'गुरुचरित्रा'चा कर्ता सरस्वती गंगाधर हा कडगंचीच्या सायंदेवाच्या वंशातला. आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही असे नम्रपणे सांगूनही त्याने मराठीत जो ग्रंथ रचला, तो गाणगापुराच्या वाटेवरच्या या सीमाभागात आजही घरोघर वाचला जातो. आमच्या घरी त्याची हस्तलिखित पोथी होती. सप्ताहाला ती बाहेर निघे आणि वडील वाचत.

त्या पोथीच्या एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे आचार आले आहेत. मूळ आधार स्कंदपुराणातल्या काशीखंडाचा. पतीच्या आयुष्याची इच्छा करणाऱ्या स्त्रीने जे टाकू नये त्यांत हळद, कुंकू, शेंदूर यांच्या जोडीला काजळही आहे. पुढचा अध्याय विधवेच्या आचारांचा. वडील वाचीत तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआड बसून ऐके. काजळीने लिहिलेल्या त्या ओळींनीच तिच्या डोळ्यांतले काजळ काढून घेतले होते, हे आमच्या ध्यानात यायला फार वर्षे गेली. ग्रंथकर्त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याने आपल्या काळाची स्मृती मराठीत उतरवली. पण पाचशे वर्षांच्या जुन्या ओळी आमच्या घरात १९६० नंतरही जशाच्या तशा पाळल्या गेल्या, आणि त्या पाळणारे आम्ही शिकलेसवरलेले होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी आम्ही दोनदा वाचली.

काजळाला सौभाग्याच्या बाहेर वाव होता तो दोन ठिकाणी. एक म्हणजे तान्ह्या मुलाच्या गालावरची तीट. दृष्ट लागू नये म्हणून काढलेला तो मुद्दाम केलेला डाग. दुसरे ठिकाण रंगभूमीचे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यांवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभे केले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. तिथून पुढे किमान नव्वद वर्षे मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुख्यतः पुरुषांनीच केल्या. दिवट्यांच्या आणि पुढे गॅसबत्त्यांच्या उजेडात मागच्या रांगेपर्यंत डोळा पोचवायचा तर तो रेघेने लांबवल्याखेरीज गत्यंतर नव्हते. बालगंधर्वांचे नेसणे घरंदाज स्त्रियांनी उचलले असे सांगतात. जे घरात सौभाग्याचे लक्षण, तेच रंगमंचावर पुरुषाच्या डोळ्यांत चालले आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. आमच्या आत्याला ते चालले नसते. यावर अधिक काय लिहावे?

मग सिनेमा आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे पडद्यावर आल्या आणि घरंदाज स्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग हा निषिद्ध विषय राहिला नाही. टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होऊ नये, ही त्यामागची एक दृष्टी. पण आमच्या गल्लीत शेपटीला खरा बहर आणला तो शर्मिला टागोर यांनी. १९६९ चा 'आराधना' गुलबर्ग्याला पाहून आलेल्या आमच्या दोघी चुलत बहिणी आत्यापुढे जाऊन बसल्या, "तशी काढ," म्हणाल्या. आत्याने सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. तिने बहिणींनी हवेत बोटाने काढून दाखवलेली रेघ पाहिली आणि कागदाची पुडी उघडली. पुढे एका बहिणीने बाटलीतले लायनर आणले, तेव्हा आत्याने ते वासावरूनच नापसंत केले.

आता सुरम्याकडे वळू. डबीतल्या पुडीविषयी बोलता बोलता आम्ही नातीला म्हणालो की सुरमाही अशीच कोरडी पूड असते, कुपीतून सळईने घेऊन डोळ्यांत फिरवतात; लहानपणी काजळ संपले की आई आमच्याही डोळ्यांत बाजारचा सुरमा घाली. ती एकदम गंभीर झाली. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा, कार्बन. पारंपरिक सुरमा म्हणजे बहुधा गॅलेना या खनिजाची पूड, अर्थात शिशाचे सल्फाइड. दोन्ही काळे, दोन्ही मऊ, आणि तरी एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. संस्कृत ग्रंथांतले स्रोतोंजन आणि सौवीरांजन हीही खनिजेच. त्यांची ओळख कुणी अँटिमनीच्या खनिजाशी पटवतात, कुणी शिशाच्या. इजिप्तच्या थडग्यांतल्या काजळकुप्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांतल्या पुडी फ्रेंच संशोधकांनी तपासल्या तेव्हा गॅलेनाबरोबर निसर्गात क्वचितच आढळणारी शिशाची क्लोराइडे मिळाली, म्हणजे ती मुद्दाम तयार केलेली असली पाहिजेत, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही संयुगे अत्यल्प प्रमाणात डोळ्याची प्रतिकारशक्ती जागी करीत असावीत, असेही २०१० च्या संशोधनात मांडले गेले. त्याचा आधार घेऊन सुरम्याची तरफदारी करणारे भेटतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की मूल डोळा चोळते आणि तेच बोट तोंडात घालते. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. आपल्याकडे प्रसाधनांत रंगासाठी शिशाची वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास कायद्याखालील नियमांनी बंदी आहे. पण सुट्या पुडीवर घटक छापलेले नसतात. घरचे काजळही तान्ह्याच्या डोळ्यांत घालू नये, बोटाबरोबर जंतू जातात, असे डॉक्टर सांगतात. आत्याची विद्या या बाबतीत अपुरी होती, हे मान्य केले पाहिजे. पापणीच्या बाहेर काढायच्या शेपटीला मात्र डोळ्याच्या आत जावेच लागत नाही.

असे एका नावाचे तीन आणि तिन्हींचे दोन पदार्थ निघाले. काडिगे आणि काजळ एकच, सुरमा निराळा. सरकारी कागदांत आम्ही जमिनींची नावे आणि सीमा यांचे घोळ आयुष्यभर निस्तरले. घरातल्या डबीचा घोळ तसाच राहिला होता.

त्या संध्याकाळी नात पुन्हा आरशाकडे वळली. दुसरा डोळा राहिला होता. पुडीचा रंग किती गडद उतरतो हे पाहायला तिने आधी डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, ब्रशाने एक तिरपी रेघ ओढली. गावातल्या लग्नांच्या दिवसांत आत्याच्याही डाव्या हातावर, अगदी त्याच जागी, अशी एक रेघ असे. पूड वस्त्रगाळ झाली आहे की नाही ते ती तिथे पाही. एकच रेघ पुरेशी असताना ती नेहमी दोन काढी. समोरासमोर, दोन डोळ्यांच्या असाव्यात तशा, आणि नवरी उठून गेल्यावरही बराच वेळ हात धूत नसे.