धोक्याचा आकडा कोणाचा?



कारखान्याच्या फाटकावर उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाने भूकंप आणि अणुवीज यांवर बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु जोखीम या शब्दाशी आम्हां कामगारांची ओळख जुनी आहे. एका कारखान्यात प्रेसला जाळी बसवा, अशी आम्ही मागणी केली, तेव्हा उत्तर मिळाले, ‘असा अपघात वर्षाकाठी एखादाच होतो.’ तो एखादा कोण, हे मात्र कोणी सांगेना. आजचा इतिहास याच प्रश्नाचा आहे.

अणुवीज केंद्रे प्रथम उभी राहू लागली तेव्हा इंजिनियर एवढेच विचारीत : या जागी मोठ्यात मोठा धक्का कोणता बसेल? जुन्या नोंदी आणि आसपासचे प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतील भेगा, पाहून एक आकडा ठरवावयाचा व तो सोसेल अशी इमारत बांधावयाची. कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यनचे काम याच रीतीने सुरू झाले. १९७१ साली, अवघ्या काही मैलांवर, समुद्रतळाखाली होसग्री नावाचा प्रस्तरभंग असल्याचे प्रसिद्ध झाले आणि केंद्र पुन्हा तपासून बळकट करावे लागले. ‘मोठ्यात मोठा’ हा शब्द आपल्या माहितीएवढाच मोठा असतो. दख्खनचे पठार स्थिर मानणाऱ्या आपणांसही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने हेच शिकविले.

१९६८ साली अमेरिकेतील ॲलिन कॉर्नेल या इंजिनियराने प्रश्नच बदलला. अमुक जोराचा धक्का एका वर्षात बसण्याचा संभव किती, हे त्याने गणिताने काढून दाखविले. पुढे त्यास आणखी दोन प्रश्न जोडले गेले : त्या धक्क्याने काय मोडेल, आणि मोडले तर कोणाचे किती नुकसान होईल? १९९७ साली अमेरिकेच्या अणुनियमांनी नव्या केंद्रांसाठी ही संभवाची रीत स्वीकारली.

आता हिशेब पाहा. ब्रिटनमध्ये वर्षाला १०,००० मध्ये १ इतका संभव असलेला धक्का आराखड्यास धरतात. ऐकावयास हे फार दूरचे वाटते. पण केंद्र ४० वर्षे चालले, तर तेवढ्या मुदतीत त्याहून मोठा धक्का बसण्याचा संभव २५० मध्ये १ होतो. एकमेकांपासून दूर अशी दहा केंद्रे असली, तर त्यांतील एखाद्यास तो बसण्याचा संभव सुमारे २५ मध्ये १.

मोठा धक्का बसला म्हणजे केंद्र कोसळलेच, असे मात्र नव्हे. १६ जुलै २००७ रोजी जपानमधील काशिवाझाकी-कारिवा येथे, पहिल्या अणुभट्टीच्या तळाशी २७३ गॅल हादऱ्याचा आराखडा असता ६८० गॅलची नोंद झाली. चालू भट्ट्या आपोआप थांबल्या, मुख्य भाग टिकले. परंतु बाहेरचा ट्रान्सफॉर्मर पेटला व आग विझविण्याच्या पाण्याचे नळ फुटले. बळकटी सर्वत्र सारखी नव्हती.

फुकुशिमाची कथा अधिक कडू आहे. भूकंपाने उठणारी लाट १५.७ मीटरपर्यंत चढेल, असा हिशेब चालक कंपनीच्याच लोकांनी २००८ साली केला होता. पहिल्या चार भट्ट्यांची जमीन होती १० मीटर उंचीवर. आणखी अभ्यास करावा, असे म्हणून वरिष्ठांनी तो बाजूस ठेविला. ११ मार्च २०११ रोजी लाट आली, तेव्हा आकडा तयार होता, पण बासनात गुंडाळलेला.

जोखमीचा हिशेब मला मान्य आहे. ‘धोका मुळीच नाही’ या भाषेपेक्षा तो प्रामाणिक आहे. परंतु १०,००० मध्ये १ चालेल की लाखात १, हे गणित सांगत नाही. ते माणसे ठरवितात. म्हणून केंद्रात राबणारा कामगार आणि कुंपणाबाहेरचा शेतकरी व कोळी यांना तो आकडा, त्यामागच्या कागदांसह, पाहण्याचा हक्क हवा. आमच्या प्रेसला जाळी बसली, ती अपघातांची नोंदवही कामगारांसमोर उघडल्यावरच.